काउंटरवरून खेळात

अथालहून सिल्वासात जा, नाहीतर थेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर. गेमिंग कीबोर्ड मागितला की दुकानदार आधी रंगीत दिव्यांची रोषणाई दाखवतो. या वस्तूचं कूळ मात्र अगदी कारकुनी आहे.

गोदरेजने 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. अशा यंत्रांवर हात बसलेल्यांच्या बोटांना पोच मिळायची: कळ खाली, दांडी वर, कागदावर ठसा. संगणकात दांडी उरली नाही. आयबीएमच्या 1981च्या पीसीत ती पोच स्प्रिंग देऊ लागली. ठरावीक दाबाला ती एका बाजूला लचकते, ‘टक्’ होतं आणि अक्षर उमटतं. त्याच दशकात चेरी कंपनीचा एमएक्स स्विच आला. प्रत्येक कळीला स्वतःचा स्विच, स्वतःची स्प्रिंग. पुढे स्वस्ताईच्या ओघात कळांखाली रबराचा पापुद्रा आला आणि कळ तळाला टेकेपर्यंत दाबणं नशिबी आलं.

आपल्याकडे जुना वाण टिकवला टीव्हीएस गोल्डने. औषधांची दुकानं, बँका, तिकीट खिडक्या अशा ठिकाणी दिवसभर खडखडणाऱ्या या कीबोर्डात चेरीचे ‘टक्’ करणारे निळे स्विच असत. परदेशी कीबोर्ड परवडत नसलेली गेमर पोरं हाच घरी आणू लागली. 2010 साली रेझरने गेमरसाठी ब्लॅकविडो काढला, त्यातही हाच निळा स्विच होता!

पण खेळातली बोटं वेगळी चालतात. 1997 साली अमेरिकेत क्वेक या गेमची स्पर्धा जिंकून डेनिस फाँगने गेमचा एक निर्माता जॉन कार्मॅक याची फेरारी पटकावली. त्याची डब्ल्यू-ए-एस-डी ही बोटांची बैठक पुढे सगळ्यांनी उचलली. इथे एकच कळ झपाझप दाबावी लागते, आणि निळा स्विच इथेच अडतो. अक्षर उमटतं त्या पातळीच्या बराच वर आल्याशिवाय तो पुन्हा तयार होत नाही. म्हणून गेमर लाल स्विचकडे वळले: टक् नाही, 4 मिलिमीटरच्या प्रवासात 2 मिलिमीटरवर काम फत्ते. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यावर कैल, गेटेरॉन या चिनी कंपन्या उतरल्या आणि भाव खाली आले. आता वूटिंगसारख्या कंपन्या चुंबकीय स्विच देतात. बोट जरा उचललं की कळ सुटते. हे तंत्रही हनीवेलने 1960च्या दशकातच कार्यालयीन कीबोर्डांत वापरलं होतं.

तेव्हा घेताना दिवे मालवायला सांगा. डब्ल्यू, डी, शिफ्ट आणि स्पेस एकदम दाबून चारही उमटतात का बघा. स्वस्त कीबोर्डात तारांच्या जाळीमुळे एखादी कळ गिळली जाते. दिवसा हिशेब आणि रात्री गेम असेल तर टक् जाणवणारा स्विच घ्या. नुसतंच खेळायचं असेल तर लाल किंवा चुंबकीय.