‘वय झालं, पडणारच’ हे खरं आहे का? पडण्यावरील संशोधनाचा इतिहास

घरातलं ज्येष्ठ माणूस पडलं की आपण चटकन म्हणतो, “आता वय झालं, पडणारच.” गेल्या पाऊणशे वर्षांतलं संशोधन मात्र वेगळं सांगतं. पडण्याला कारणं असतात, बहुधा एकापेक्षा जास्त, आणि त्यातली काही दूर करता येतात. हे डॉक्टरांना कसं उमगलं, ते आज पाहू.

पूर्वी वृद्ध रुग्णाला अंथरुणात झोपवून ठेवणं हाच उपचार समजला जाई. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे अशा शेकडो रुग्णांची जबाबदारी आली. त्यांनी प्रत्येकाला नीट तपासलं, उठवून बसवलं, चालतं केलं. कायमचे खिळलेले समजले गेलेले अनेकजण घरी परतले. १९४७ मध्ये डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनी जास्त काळ झोपून राहण्याचे धोके लिहिले: स्नायू झिजतात, सांधे आखडतात, हाडं ठिसूळ होतात.

यानंतर खुद्द पडण्याकडे लक्ष गेलं. इंग्लंडमधल्या वुल्वरहॅम्प्टनचे डॉ. शेल्डन यांनी १९६० मध्ये २०२ व्यक्तींच्या ५०० पडण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणी अडखळलं होतं, कुणी जिन्यावर घसरलं होतं, कुणाला चक्कर आली होती, तर कुणाचे पाय अचानक गळाले होते. म्हणजे ‘पडणं’ ही एकच गोष्ट नाही.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी ७५ वर्षांवरच्या ३३६ जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं (१९८८). सुमारे ३२ टक्के लोक किमान एकदा पडले. झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या, पायांतली अशक्तता, बिघडलेला तोल, पावलांच्या तक्रारी, मंदावलेली आकलनशक्ती अशी धोक्याची कारणं त्यांनी मोजली. एकही कारण नसलेल्यांमध्ये पडण्याची शक्यता ८ टक्के होती, तर चार किंवा जास्त कारणं असलेल्यांमध्ये ७८ टक्के! १९९४ मध्ये त्यांच्याच गटाने औषधांत बदल, व्यायाम आणि इतर उपाय एकत्र करून पाहिले. वर्षभरात उपाय केलेल्यांपैकी ३५ टक्के पडले, इतरांपैकी ४७ टक्के.

न्यूझीलंडमध्ये ८० वर्षांवरच्या २३३ स्त्रियांवर प्रयोग झाला (१९९७). निम्म्या जणींना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले. वर्षभरात त्या गटात ८८ वेळा, तर दुसऱ्या गटात १५२ वेळा पडण्याची नोंद झाली.

मग दुखण्याचा संबंध काय? बॉस्टनमध्ये ७० वर्षांवरच्या ७४९ जणांच्या अभ्यासात (२००९) सांधेदुखी नसलेल्यांमध्ये दर १०० जणांमागे वर्षाला साधारण ७८ वेळा पडणं नोंदलं गेलं. दोन किंवा जास्त ठिकाणी सांधे दुखणाऱ्यांमध्ये हाच आकडा ११८ होता. गुडघा दुखतो म्हणून चालणं कमी होतं, मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि तोल सावरणं अवघड जातं. शिवाय काही वेदनाशामक गोळ्यांनी गुंगी येते, ती वेगळीच. म्हणून “दुखतंय ना, मग बसून राहा” हा सल्ला महागात पडू शकतो.

प्रत्येक उपाय यशस्वी झाला असंही नाही. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांवरच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ‘ड’ जीवनसत्त्वाचा ५ लाख युनिटचा डोस दिला (२०१०), तेव्हा त्या उलट जास्त पडल्या आणि फ्रॅक्चरही वाढली. अमेरिकेतल्या ५,००० हून अधिक ज्येष्ठांच्या अभ्यासात (२०२०) प्रत्येकाची कारणं शोधून योजना आखली, तरी गंभीर इजांमध्ये ठोस घट दिसली नाही. आज सर्वांत भक्कम पुरावा आहे तो नियमित केलेल्या तोलाच्या आणि ताकदीच्या व्यायामाचा.

तुम्ही काय करू शकता?

• इजा झाली नसली तरी पडल्याचं डॉक्टरांना सांगा.
• दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसह सगळी औषधं पिशवीत घालून दाखवायला न्या. झोपेची गोळी मनाने अचानक बंद करू नका.
• रक्तदाब झोपून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या.
• दुखणं अंगावर काढू नका. ते आटोक्यात ठेवून चालतं कसं राहायचं, हे विचारा.
• व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि सुरुवातीला आधार धरूनच करा.

वय थांबवता येत नाही. पण पुढच्या वेळी घरात कुणी पडलं, तर ‘वय झालं’ म्हणून विषय संपवू नका. ‘का पडलं?’ हे नक्की विचारा.