स्पायर म्हणजे मनोरा नव्हे

इंग्रजी बातमीत ‘स्पायर’ आला की आपण ‘मनोरा’ लिहून मोकळे होतो. पण दोन्ही एक नव्हेत. चर्चच्या मनोऱ्यावर किंवा छपरावर उभा केलेला, वर निमुळता होत जाणारा टोकदार सुळका म्हणजे स्पायर. मनोरा आणि त्यावरचा सुळका मिळून ‘स्टीपल’ होतो. इंग्लंडमधल्या सॅलिसबरी कॅथेड्रलचा स्पायर ब्रिटनमध्ये सर्वात उंच, १२३ मीटर.

शब्दाचं मूळ मात्र शेतातलं. जुन्या इंग्रजीत ‘स्पीर’ म्हणजे कोंब, गवताची काडी. पुढे तेच नाव इमारतीच्या टोकाला मिळालं. ‘स्पायरल’ वेगळा, तो वेटोळं या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला. ‘इन्स्पायर’चं मूळही निराळं, श्वासाशी जोडलेलं.

हा फरक कशाला पाहायचा? १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दामला आग लागली. एकोणिसाव्या शतकातला, लाकडी सांगाड्यावर शिसं मढवलेला स्पायर कोसळला. दर्शनी बाजूचे दोन्ही मनोरे वाचले. तिथं ‘मनोरा कोसळला’ लिहिलं तर जे वाचलं तेच पडलं असं होतं!

‘कळस’ही चालत नाही. तो देवळाच्या शिखरावरचा घटासारखा शेवटचा भाग. ‘शिखर’ आकारानं जवळचं, पण ते देवळाचं. म्हणून ‘चर्चचा टोकदार सुळका’ म्हणावं. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चवर तो आजही पाहता येतो.