तांबेऱ्याला आमंत्रण : गव्हाच्या रोगप्रतिकार चाचणीची ओळख

गव्हाचा नवा वाण प्रसारित झाला की चर्चा होते ती उत्पादनाची, तो किती दिवसांत काढणीला येतो याची आणि चपाती कशी होते याची. माहितीपत्रकात शेवटाकडे 'तांबेरा रोगास प्रतिकारक्षम' अशी एक ओळ असते, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. ती ओळ लिहिता यावी म्हणून काही वर्षे, अनेक गावांच्या शेतांत, पुष्कळ माणसांनी वाकून पानांचे निरीक्षण केलेले असते. त्या कामाची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे. वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांनीच ती वाचावी असे मुळीच नाही. ज्यांच्या ताटात रोज पोळी असते त्या सर्वांचाच या विषयाशी संबंध आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे ज्याला तांबेरा किंवा गेरवा म्हणतात तो एक रोग नसून तीन बुरशींचे तीन रोग आहेत. खोडावर विटकरी, पुढे काळपट होणारे लांबट फोड आले तर तो काळा तांबेरा. पानांवर विखुरलेले नारिंगी ठिपके दिसले तर तो पानांवरचा तांबेरा. पिवळ्या फोडांच्या रांगा पानाच्या शिरांना धरून ओळीने उठल्या तर पिवळा तांबेरा. पिवळ्याला थंडी लागते, म्हणून त्याचा उपद्रव पंजाब, हरियाणा आणि हिमालयाच्या पायथ्याशी जास्त. महाराष्ट्राची उबदार हवा पहिल्या दोघांना मानवते. पोषक हवामान मिळाले तर काळा तांबेरा काढणीच्या तोंडावर आलेले पीक थोड्याच आठवड्यांत झोपवतो. १९४६-४७ मध्ये मध्य भारतात त्याची मोठी साथ आली होती.

मैदानी प्रदेशातल्या उन्हाळ्यात या बुरशींचे बीजाणू तग धरत नाहीत. मग दर हिवाळ्यात रोग येतो कुठून? हा प्रश्न आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी हाती घेतला आणि आयुष्याचा मोठा भाग त्यासाठी दिला. डोंगरांतल्या थंड हवेत गहू आणि रोग दोन्ही वर्षभर टिकतात आणि तिथूनच बीजाणू खाली येतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे नागराजन आणि जोशी या गहू-रोगतज्ज्ञांनी हवामानाची जोड देऊन त्यात भर घातली. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात उठणाऱ्या वादळांबरोबर निलगिरीकडचे बीजाणू मध्य भारतापर्यंत वाहून येतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर उभ्या पिकावर उतरतात. म्हणजे विदर्भातल्या गव्हाचे भवितव्य तमिळनाडूतल्या डोंगरांशी बांधलेले आहे. वाचकांनी नकाशा समोर ठेवून हा भाग वाचला तर अधिक आनंद मिळेल.

बुरशीला जगायला डोंगरातली थंड हवा लागते, याच कारणाने महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. धुके आणि स्ट्रॉबेरीसाठी तिथे जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असते कोण जाणे. गव्हाच्या पट्ट्याबाहेरच्या या थंड जागी बुरशीच्या जिवंत वंशांची जोपासना होते, त्यांचे बीजाणू वाढवले जातात आणि चाचणीसाठी इतर केंद्रांना पुरवले जातात. निफाडच्या गहू संशोधन केंद्राशी त्याचे नाते जुने आहे. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती ही नावे ज्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत ते सगळे वाण निफाडचे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे वाणही अशाच परीक्षेतून गेलेले असतात.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. नवख्या माणसाला पहिला धक्का इथे बसतो. इतर सर्व शेतांत रोग येऊ नये म्हणून धडपड चालते, या शेतात मात्र तो यावा म्हणून. तांबेरा नीट पडला नाही तर त्या वर्षीचे काम फुकट जाते. म्हणून तपासायच्या वाणांच्या छोट्या ओळी पेरतात, आणि त्यांच्या कडेने व मधूनमधून रोगाला सहज बळी पडणारे वाण लावतात. 'आग्रा लोकल' हा त्यांतला जुना, भरवशाचा बळी. बीजाणू पाण्यात मिसळून संध्याकाळी या बळी ओळींवर फवारतात, काही रोपांच्या पोटरीत, म्हणजे ओंबी अजून दडलेली असते त्या भागात, सुईने टोचतात आणि पाणी देऊन ओलावा राखतात. पान काही तास ओले राहिले तरच बीजाणू रुजतो, म्हणून दव पडणारी रात्र इथे मोलाची. आठवडा-दोन आठवड्यांनी पहिले फोड फुटतात आणि बळी ओळींतून रोग चहूकडे पसरतो.

शेतात उतरण्यापूर्वी, किंवा त्याच्या जोडीने, दुसरी एक परीक्षा काचघरात होते. आठवडाभराच्या रोपाच्या पहिल्या पानावर बुरशीचा एकच, ओळखीचा वंश लावतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी पानाने दिलेला प्रतिसाद शून्य ते चार या श्रेणीत नोंदवतात. शून्य म्हणजे काहीच खूण नाही. चार म्हणजे मोठे, मोकळे फोड. अधल्यामधल्या पायऱ्यांवर फोडाभोवती पेशी मेलेल्या दिसतात. बुरशीला अन्न मिळू नये म्हणून झाडाने आपलाच तेवढा भाग सोडून दिलेला असतो. मला स्वतःला या विषयातले हे सर्वांत सुंदर दृश्य वाटते. भिंग हाती असेल तर तुम्हालाही वाटेल.

शेतातली नोंद वेगळी असते. वहीत '४० एस' किंवा '२० एमआर' असे लिहिलेले आढळते. आकडा रोगाचे प्रमाण सांगतो, अक्षरे फोडांचा प्रकार : एस म्हणजे पूर्ण बळी, एमएस मध्यम बळी, एमआर मध्यम प्रतिकारक, आर प्रतिकारक. या अक्षरांना अनुक्रमे १, ०.८, ०.४ आणि ०.२ असे गुणक आहेत. त्यामुळे '४० एस'चे गुण ४० होतात आणि '४० एमआर'चे फक्त १६. वेगवेगळ्या केंद्रांवरच्या अशा गुणांची सरासरी जितकी लहान तितका वाण भरवशाचा. एक खुबी लक्षात ठेवावी. रोगाच्या प्रमाणाचा हा आकडा 'कॉबची सुधारित मापपट्टी' वापरून ठरवतात, आणि तिच्यावर १०० टक्के म्हणजे पान पूर्ण झाकले गेले असे नव्हे. फोडांनी पानाचा ३७ टक्के भाग व्यापला की ते १०० धरतात, कारण त्याहून जास्त फोडांना पानावर जागाच उरत नाही.

आकड्यांची भाषा कळली की विषयाच्या गाभ्याकडे जाता येते. 'हा गहू प्रतिकारक आहे' हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या वंशाला, कुठे, पिकाच्या कोणत्या वयात, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. केंब्रिजला रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये पिवळ्या तांबेऱ्याचा प्रतिकार मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरतो असे दाखवले, तेव्हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला होता. पण अमेरिकेत स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की बुरशीतही अनेक वंश असतात आणि एकाला दाद न देणारा गहू दुसऱ्यापुढे मान टाकतो. हे वंश ओळखण्यासाठी त्यांनी १९२२ मध्ये १२ गव्हांचा संच ठरवला. त्यांत एक नाव होते 'खपली'. सांगली-साताऱ्याकडे ज्याची खीर होते तीच आपली खपली, काळ्या तांबेऱ्याला दाद न देणारा गहू म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. पुढे फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवले की झाडाच्या एकेका प्रतिकारक जनुकाला बुरशीचे एकेक जनुक जोडीला असते. बुरशीच्या बाजूचे जनुक बदलले की प्रतिकार निष्प्रभ.

याचा मोठा धडा मिळाला तो युगांडात. राय या धान्यातून गव्हात आलेले एसआर-३१ हे जनुक अनेक देशांच्या गव्हांना काळ्या तांबेऱ्यापासून वर्षानुवर्षे वाचवत होते. १९९९ मध्ये त्यालाही न जुमानणारा वंश नोंदवला गेला, तोच 'यूजी-९९'. विख्यात गहू-पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांनी वयाच्या नव्वदीत असताना जगाला त्याची जाणीव करून दिली. तेव्हापासून केनियातल्या न्जोरो येथे अनेक देशांचे गहू प्रत्यक्ष त्या वंशासमोर उभे केले जातात, भारताचेही. याआधी केनियाने आपल्याला दिलेही आहे : तिथल्या गव्हांशी संकर करून निफाडला 'केनफड' मालिकेतले तांबेरा-प्रतिकारक वाण तयार झाले होते.

म्हणून आता पैदासकार एकाच बलदंड जनुकावर विसंबत नाहीत. एलआर-३४सारखी काही जनुके रोग थोपवत नाहीत, फक्त मंदावतात. अशा गव्हावर फोड येतात, पण उशिरा, कमी आणि लहान. काचघरातल्या कोवळ्या रोपावर त्यांचा प्रभाव सहसा दिसत नाही, मोठ्या झाडावर शेतात दिसतो. दोन्ही परीक्षा का लागतात, याचे उत्तर इथे मिळते. वाचकांनी एवढे एक पथ्य पाळावे : केवळ स्वच्छ पान पाहून वाणाच्या प्रेमात पडू नये. थोडे डाग अंगावर घेऊन दाणा भरणारा गहू पुष्कळदा जास्त वर्षे टिकतो.

हा विषय पुस्तकातून समजतो, पण शेतात रुजतो. शक्य असेल तर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, गहू निसवल्यानंतर, एखाद्या संशोधन केंद्राची परवानगी काढून चाचणीचे वाफे पाहायला जा. आधी बळी ओळ बघा, म्हणजे त्या वर्षी रोग किती पडला ते कळेल. मग शेजारच्या ओळीचे ध्वजपर्ण, म्हणजे ओंबीखालचे शेवटचे पान, उलटून पाहा आणि स्वतः आकडा घालून बघा. तिथल्या जाणकाराच्या आकड्याशी तो जुळला नाही तर का, ते विचारा. ही माणसे सांगायला उत्सुक असतात. परतताना कपडे आणि बूट झटका, आणि त्याच कपड्यांत आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गव्हात शिरू नका. ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये पिवळा तांबेरा प्रथम दिसला, तो युरोपातून कोणा प्रवाशाच्या कपड्यांवर बसून आला असावा, असे तिथले अभ्यासक मानतात.