आम्हां लोकांचें नांव

वसई-साष्टीकडे आहेत तशीं पोर्तुगीज अमदानींतील देवळें कर्जत-खालापुरांत नाहींत. कारण तें राज्य मुख्यत्वें किनाऱ्यालगत होतें. आगगाडी 1856 सालीं कर्जतवरून खोपोलीस आली, 1863 सालीं बोरघाट चढली, आणि ख्रिस्ती कुटुंबांचें इकडे येणेंजाणें सोपें झालें. जो येई तो आपल्या समाजाचें नांव बरोबर आणी. त्यांपैकीं एका नांवाची हकीकत आम्ही येथें सांगतों.

उत्तर कोकणांतील कोळी, कुणबी, भंडारी आदि ज्या लोकांनीं पोर्तुगीजांच्या काळीं धर्म स्वीकारला, त्यांस 'नोर्तेरो', म्हणजे उत्तरेकडचे, म्हणत. 1739 सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. राज्य गेलें, उपासना राहिली, आणि 'पोर्तुगीज ख्रिस्ती' हें नांवही चिकटून राहिलें. लुगडें नेसणारी, लग्नांत मराठी गाणीं म्हणणारी बाई लोकांच्या तोंडीं पोर्तुगीज!

पुढें गोव्याचे बांधव चाकरीसाठीं मुंबईस येऊं लागले. तेही पोर्तुगीज ख्रिस्तीच म्हणविले जात. परंतु ते पोर्तुगालचे प्रजाजन, हे इंग्रजांचे. नोकरींत हा भेद दिसावा म्हणून 1887 सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, आमच्या पुढाऱ्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेऊन मुंबईंत संस्था स्थापिली. नांव ईस्ट इंडिया कंपनीवरून घेतलें असें सांगतात. ती कंपनी तर 1874 सालींच विसर्जित झालेली! या नांवास चाकरीचा वास येतो खरा, पण पोटाचा प्रश्न होता. त्या पिढीस आम्ही दोष देत नाहीं. तीच उसनी संज्ञा नातवंडांस प्राणाहून प्रिय झाली. अपरिचित मनुष्य मात्र "आपण बंगालकडचे काय?" असें विचारतो.

फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' 1616 सालीं मराठींत छापलें गेलें. मिस्सा मराठींत होण्यास मात्र दुसरी व्हॅटिकन परिषद (1962-65) व्हावी लागली. 2020 सालीं उस्मानाबादेस (आतांचें धाराशिव) 93 व्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले, तेव्हां धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, असा आक्षेप निघालाच. चारशें वर्षांनंतरही आम्ही मराठी आहों हें सांगावें लागलें, याचें आम्हांस वाईट वाटतें.

आज स्नानसंस्काराच्या वेळीं आईबाप पुष्कळदां बालकाचीं दोन नांवें सांगतात: एक संताचें, एक शेजारच्या मुलांत शोभेल असें. आम्ही वहींत दोन्हीं लिहितों.