एचआयव्ही, बायका-मुलं आणि आधार देणारी माणसं : थोडा इतिहास

एचआयव्ही म्हटलं की आपल्याला रक्ताची तपासणी आणि गोळ्या आठवतात. पण भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, आणि सरकारी रुग्णालयांत मोफत गोळ्या मिळू लागल्या १ एप्रिल २००४ पासून. मधली अठरा वर्षं नवरा गेलेल्या बाईला आणि तिच्या लेकरांना कोणी सांभाळलं? हा इतिहास आपल्याच महाराष्ट्रातला आहे आणि तो माहीत असेल तर आजच्या रुग्णाला काय लागतं हेही नीट कळतं.

आजार घरात कसा शिरला?

सुरुवातीला सगळ्यांचा समज होता की हा 'तसल्या' वस्तीतला आजार आहे. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, बहुतेक विवाहित होत्या. तरीही त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाशी संबंध नाही असं सांगणाऱ्या बायकांनाही लागण झाली होती. म्हणजे आजार नवऱ्याकडून घरात आला होता. घराघरांत मात्र उलटं घडलं. नवरा आधी गेला, दोष सुनेवर आला, आणि तिला मुलांसकट माहेरी धाडलं गेलं.

सांगलीच्या बायकांनी काय केलं?

१९९२ मध्ये मीना सरस्वती शेषू यांनी सांगलीत 'संग्राम' ही संस्था सुरू केली. काम होतं देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्ही रोखण्याचं. बाहेरून कोणी येऊन भाषण देण्यापेक्षा वस्तीतल्याच बाईने शेजारणीला कंडोम द्यावा, गिऱ्हाइकाला कसं पटवायचं ते सांगावं, आजारी पडली तर दवाखान्यात न्यावं, अशी पद्धत ठरली. याच बायकांनी १९९६ मध्ये स्वतःची संघटना उभी केली : वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे 'व्हॅम्प'. पुढे अमेरिकी सरकारी मदतीसोबत देहविक्रयाच्या विरोधात लेखी भूमिका घेण्याची अट आली, तेव्हा संग्रामने सही करायला नकार दिला.

संग्रामचं काम पुढे जिल्ह्यातल्या गावांत, संसारी बायकांपर्यंतही गेलं. डॉक्टर म्हणून मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या बाईला सगळे फक्त 'रोग पसरवणारी' म्हणत होते, तिच्यावरच आरोग्याचं काम सोपवलं गेलं आणि तिने ते केलं.

मुलांचं काय झालं?

उपचार नसतील तर बाधित आईकडून बाळाला गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. म्हणजे आईला लागण असूनही अनेक बाळं विषाणूमुक्त जन्मली. पण आईबाप गेल्यावर 'लागण असलेली' आणि 'नसलेली' अशी दोन्ही मुलं सारखीच पोरकी झाली.

पंढरपूरजवळ मंगलताई शहा यांनी २००१ च्या सुमारास अशा मुलांना आसरा द्यायला सुरुवात केली. तेच आजचं 'पालवी'. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी २००७ मध्ये 'सेवालय' सुरू केलं. तिथली मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. बाकावर शेजारी बसून, एका ताटात जेवून किंवा खेळून एचआयव्ही पसरत नाही, हे विज्ञानाला तेव्हा वीस वर्षांपासून माहीत होतं. गावापर्यंत ते पोचायचं होतं.

औषध आलं, मग काम संपलं का?

२००१ मध्ये सिप्ला कंपनीने वर्षाला ३५० डॉलरमध्ये औषधं देण्याची तयारी दाखवली आणि जगभरच्या किमती कोसळल्या. २००४ मध्ये देशातल्या ज्या आठ रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले, त्यांत मुंबईचं जे. जे. होतं. २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला कायमचे उपचार देण्याचं धोरण आलं. गोळ्या नियमित असतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली येते.

पण 'नियमित' हा शब्द नीट वाचा. गोळी रोज, आयुष्यभर घ्यायची असते. जिला सासूपासून डबी लपवावी लागते, जिच्याकडे एसटीच्या भाड्याला पैसे नसतात, तिची गोळी चुकते. गोळी चुकत राहिली की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून आधार हा उपचाराचाच भाग आहे.

कायद्यानेही हे मान्य केलं आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार बाधित व्यक्तीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, आणि शाळा, नोकरी, दवाखाना यांत भेदभाव करता येत नाही. आईबाप नसतील किंवा सांभाळू शकत नसतील, तर बारा वर्षांवरचं समजदार मूल धाकट्या भावंडांचा पालक म्हणून शाळाप्रवेश किंवा बँक खात्यासाठी सही करू शकतं. एवढ्याशा वयात घर चालवणारी मुलं आहेत, म्हणूनच हे कलम लिहावं लागलं.

आपण नागावात काय करू शकतो?

आपल्या नागावात सगळे एकमेकांना ओळखतात. अडचणीला वाडीतली माणसं धावून येतात, आणि 'गावात कळलं तर?' या धास्तीने तपासणीही टाळली जाते. एका ताटात जेवलं तर चालेल का, असं दवाखान्यात आजही मला हळू आवाजात विचारलं जातं. चालेल. बिनधास्त जेवा.

- गरोदर सुनेची, लेकीची एचआयव्ही तपासणी लवकर करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत आणि गोपनीय असते. नवऱ्यानेही करावी.
- कोणाचा निकाल कळला तर तो तुमच्यापाशीच ठेवा.
- निराधार बाधित व्यक्तीसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तहसील कार्यालयात तिच्यासोबत जा.
- शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. नाव सांगायची गरज नाही.

आणि अशी एखादी बाई महिन्याच्या गोळ्या आणायला निघाली असेल, तर तेवढा वेळ तिचं लेकरू तुमच्या घरी खेळू द्या.