वेलींचा मांडव

वेलींचा मांडव म्हणजे वेलवर्गीय पिकांना आधार देण्यासाठी लाकूड, बांबू व तार यांची केलेली उभारणी होय. कारली, दोडका, दुधी भोपळा व तोंडली या वेली प्रतानांच्या (तणाव्यांच्या) साहाय्याने, तर वाल खोडाचा विळखा घालून वर चढतो. थंड प्रदेशांत कुंपणावर लावली जाणारी आयव्ही मात्र खोडावरील बारीक मुळांनी आधाराला चिकटते.

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसर सह्याद्रीच्या डोंगराळ व अतिपावसाच्या पट्ट्यात येतो. अशा प्रदेशात जमिनीवर पसरलेल्या वेलींची फळे ओल्या मातीला टेकून कुजतात. मांडवावर ती लोंबती राहिल्याने सरळ वाढतात, पानांना ऊन व वारा मिळतो आणि तोडणी सोपी होते.

टिकाऊपणा
मांडवाचा सर्वांत कमकुवत भाग म्हणजे जमिनीत पुरलेले टोक. तेथे ओलावा, बुरशी व वाळवी एकत्र येतात. प्रक्रिया न केलेला बांबू मातीत साधारणतः 1 ते 3 वर्षेच टिकतो. पावसाळ्यात भिजलेल्या पाल्याचा व फळांचा भार वाढतो आणि कुजलेला खांब नेमका ऐन हंगामात मोडतो. वेलींची खोडे तुटल्यास उरलेले पीक हाती लागत नाही. म्हणून पुरायच्या टोकाला डांबर लावतात, कडेच्या खांबांना तारेचे ताण देतात आणि लागवडीपूर्वी प्रत्येक खांब हलवून पाहतात. पावसाळ्यानंतर तोडलेल्या पक्व बांबूत पिष्टाचे प्रमाण कमी असल्याने त्याला भुंगा कमी लागतो.