हेवी मेटल संगीताच्या इतिहासाची साधने

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींचे प्रामाण्य कसोटीस लावले, आणि मागाहून रचलेल्या कथेपेक्षा त्या त्या वेळी एका माणसाने दुसऱ्यास धाडलेला कागद अधिक मोलाचा असतो, ही गोष्ट मराठी वाचकांच्या मनावर कायमची ठसविली. आज मी ज्या संगीताविषयी बोलणार आहे त्याच्याशी राजवाड्यांचे नाव जोडणे काही श्रोत्यांना धारिष्ट्याचे वाटेल. हेवी मेटल म्हणजे विजेच्या गिटारीवर, कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात वाजविले जाणारे पाश्चात्त्य संगीत. त्याचे वय जेमतेम साडेपाच दशकांचे. एवढ्या अलीकडच्या गोष्टीच्या साधनांची वाण ती कसली, असे कोणासही वाटावे. परंतु पहिली अनेक वर्षे बहुतेक प्रतिष्ठित समीक्षकांनी या संगीताची हेटाळणी केली, नभोवाणीने त्यास क्वचितच जागा दिली, आणि ध्वनिमुद्रिकांच्या बड्या कंपन्या तेथे बहुधा उशिराच पोहोचल्या. त्यामुळे या संगीताचे दप्तर सांभाळले ते त्याच्या श्रोत्यांनी.

दोन मेटलशौकीन प्रथमच भेटले, मग ते कोणत्याही देशीचे असोत, की थोड्याच वेळात त्यांच्यात दोन याद्यांची देवघेव होते. आवडते बँड कोणते, ही पहिली यादी. आणि अमुक अनुबोधपट पाहिलात काय, ही दुसरी. बाहेरच्या माणसास हा निव्वळ पोरखेळ वाटतो. माझ्या मते मात्र या संगीताचा इतिहास मुख्यतः या देवघेवीतूनच उभा राहिला आहे.

आरंभ बर्मिंगहॅम या इंग्लंडातील कारखान्यांच्या शहरी होतो. टोनी आयोमी हा तेथील तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका उजवा. गिटार संपली असे वैद्यांनी सांगितले. तेव्हा कारखान्यातील वरिष्ठाने त्यास जँगो राइनहार्ट या जिप्सी वादकाची तबकडी ऐकविली. राइनहार्टचा हात आगीत भाजला होता आणि दोन बोटे निकामी झाली असताही तो अप्रतिम वाजवीत असे. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या घडविल्या, त्यांवर चामडे चिकटविले, बारीक तारा चढविल्या, आणि पुढे त्या तारांचा ताण उतरवून वाद्याचा स्वर खाली नेला. त्यातून जो घनगंभीर, जडशीळ नाद निघाला तो ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडची ओळख ठरला. त्यांची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाजारात आली. तिचे ध्वनिमुद्रण बव्हंशी एका दिवसात उरकले होते. समीक्षकांनी नाके मुरडली; तरीही ब्रिटनच्या खपाच्या यादीत ती आठव्या स्थानापर्यंत चढली. या बँडचे मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजले ते ५ जुलै २०२५ रोजी, बर्मिंगहॅमलाच. त्यानंतर सतरा दिवसांनी त्यांचे गायक ऑझी ऑस्बर्न निवर्तले.

शौकीन मंडळी बोटांची ही कथा फार प्रेमाने सांगतात, इतकी की सारे संगीत त्या दोन बोटांतूनच निघाले असे वाटावे. घटना खरी आहे. खुद्द आयोमींनी ती अनेकवार सांगितली आहे. परंतु निष्कर्ष काढताना थोडे थांबावे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत, साठोत्तर काळात बलाढ्य झालेली ध्वनिवर्धक यंत्रे, आणि युद्धोत्तर औद्योगिक नगरातील तरुणांची कोंडी, हे सर्व नसते तर त्या टोप्यांचा उपयोग एका कारागिरास गिटार वाजविता येण्यापुरताच झाला असता.

यादीचे महत्त्व प्रथम स्पष्ट दिसते ते १९७९ साली. लंडनच्या उत्तर भागात किंग्जबरी येथे नील के नावाचे गृहस्थ तबकड्या वाजविण्याचा एक अड्डा चालवीत. श्रोते ज्या गाण्यांची फर्माईश करीत त्यांची मोजदाद करून ते एक यादी बनवीत आणि ‘साउंड्स’ हे साप्ताहिक ती छापीत असे. खपाचे आकडे दुकानदार देतात. ही यादी कानांनी दिली होती. ‘आयर्न मेडन’ नावाच्या होतकरू बँडने आपल्या चार गाण्यांची ध्वनिफीत याच के महाशयांच्या हाती दिली. तिच्यातील एक गाणे त्या यादीत अग्रस्थानी गेले, तेव्हा बाजारात त्याची तबकडीच नव्हती. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्यांतील तीन गाण्यांच्या पाच हजार प्रती बँडने स्वतः काढल्या. बडी कंपनी आली ती त्यानंतर.

परंतु या इतिहासाचे खरे दप्तर म्हणजे कॅसेट. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ती लोकांपुढे आणली, आणि पुढे घरोघरी एका यंत्रावरून दुसऱ्यावर नक्कल उतरविणे सोपे झाले. १९८१ साली ब्रिटिश ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेने, घरगुती नकलांमुळे संगीताचा जीव जात आहे, अशी मोहीम सुरू केली. त्याच सुमारास टपालाच्या पाकिटांतून कॅसेटी खंडोखंडी फिरत होत्या, आणि ज्या संगीतास दुकानात जागा नव्हती ते त्या पाकिटांवरच जगत होते. पाठविणारा आपली यादी सोबत जोडी. घेणारा तिच्यावर खुणा करून स्वतःची यादी परत धाडी. नकलेवरून नक्कल काढली की फुसफुस वाढते, म्हणून कॅसेट कितव्या पिढीची हे जाणते लोक आधी विचारीत. पोथ्यांच्या संशोधकास हा प्रश्न मुळीच परका वाटणार नाही. आपल्याकडे भजनी मंडळांच्या वह्या अशाच हाताने उतरवून घेतल्या जात. घराण्यातील अस्सल चीज मात्र वर्षानुवर्षे सेवा केल्यावाचून मिळत नसे. येथे देणारा गुरू नव्हता आणि घेणारा शिष्य नव्हता, ही त्या देवघेवीची विशेषता.

या पाकिटांनी काय घडविले याचे उत्तम उदाहरण डायमंड हेडचे. बर्मिंगहॅमजवळच्या स्टूरब्रिज गावच्या या बँडला कंपनी मिळेना, म्हणून त्यांनी १९८० साली आपली तबकडी स्वतःच काढली. वेष्टन पांढरे, कोरे. त्यावर नाव नाही. ती टपालाने आणि जलशांच्या ठिकाणी विकली जाई. लार्स उलरिक हा डॅनिश मुलगा त्याच वर्षी आईबापांसह कॅलिफोर्नियात राहावयास गेला होता. त्यास या बँडचे असे वेड लागले की १९८१ च्या उन्हाळ्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, तो एकटा इंग्लंडला गेला आणि जलसा ऐकून त्या वादकांच्याच घरी मुक्कामास राहिला. परतल्यावर त्याने बँड काढला. त्याचा एक मित्र स्वतःच्या हौशी मासिकासाठी नावे योजीत होता. त्यांतले ‘मेटल मेनिया’ हे त्याने मित्राच्या गळी उतरविले आणि ‘मेटॅलिका’ स्वतःकडे ठेविले. १९८२ साली या बँडने सात गाण्यांची कॅसेट भरली. नक्कल होत होत ती इतकी पसरली की एकही तबकडी नसताना त्यांचे नाव अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यास पोहोचले. न्यू जर्सीत जॉन व मार्शा झझूला हे दांपत्य जुन्या बाजारात तबकड्यांचे दुकान चालवीत असे. बँडची कॅसेट ऐकून त्यांनी वादकांना बोलावून घेतले. कोणतीही कंपनी तयार होईना, तेव्हा कंपनीही स्वतःच काढली आणि जुलै १९८३ मध्ये पहिली तबकडी आणली. पुढे त्याच मेटॅलिकाची १९८६ सालची एक ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेव्यात समाविष्ट केली, आणि तेथे स्थान मिळालेली ती पहिली मेटल ध्वनिमुद्रिका ठरली.

मधल्या काळात मात्र एक विपरीत गोष्ट घडली. २००० साली याच बँडने नॅपस्टर या संगणकीय देवघेवीच्या सोयीवर दावा लावला आणि तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची नावे पुढे केली. ज्यांचे नाव नकलांनी झाले त्यांनीच नक्कल करणाऱ्यांवर फिर्याद करावी, याचा चाहत्यांना संताप आला. माझे मत विचाराल तर त्या बँडची बाजू अगदीच निराधार नव्हती. साठ मिनिटांची कॅसेट उतरवावयास बहुधा साठच मिनिटे बसून राहावे लागे, टपालखर्च पडे, आणि घेणाऱ्याचा पत्ता देणाऱ्यास ठाऊक असे. नॅपस्टरवर परतफेडीचे बंधनच उरले नाही. तथापि नावांचे गठ्ठे न्यायालयाच्या दारी नेताना, त्यांत आपल्याच जुन्या पत्रमित्रांसारखे कितीजण असतील याचा विचार त्यांनी करावयास हवा होता.

आता दुसरी यादी, अनुबोधपटांची. तिच्यात एक सतरा मिनिटांचा पट हटकून असतो. ३१ मे १९८६ रोजी मेरीलंड राज्यात लँडोव्हर येथे ‘जूडास प्रीस्ट’चा जलसा होता. जेफ क्रूलिक व जॉन हेन हे दोघे तरुण कॅमेरा घेऊन नाट्यगृहात न जाता बाहेरच्या वाहनतळावरच फिरले. मोटारींना टेकून बिअर पिणारी, ओरडणारी, फुशारक्या मारणारी पोरे, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोशाख घालून तावातावाने मते ठोकणारा एक तरुण, बस, एवढेच. निवेदक नाही, तज्ज्ञ नाही. हा पट चित्रगृहांत गाजला नाही. चित्रफितीच्या नकलांवरून नकला निघून तो हातोहात फिरला, म्हणजे ज्या मार्गाने संगीत गेले त्याच मार्गाने त्याच्या श्रोत्यांचे चित्रही गेले. ते सभागृह २००२ साली पाडण्यात आले. २०१६ साली मेरीलंड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने या सतरा मिनिटांवर प्रदर्शन भरविले. राजवाड्यांच्या भाषेत बोलावयाचे तर तो अस्सल कागद आहे. त्यात सुंदर असे फारसे काही नाही. पण मागाहून काही रचलेलेही नाही.

उलट उदाहरण १९८८ सालचे. पेनेलपी स्फीरिस यांच्या लॉस एंजेलिसमधील मेटल-जीवनावरील पटात ऑझी ऑस्बर्न न्याहारी बनविताना थरथरत्या हाताने फळांचा रस सांडतात. व्यसनाने खचलेल्या कलावंताचे हे चित्र वर्षानुवर्षे पुरावा म्हणून दाखविले गेले. ते सांडणे बनावट होते, असे पुढे खुद्द दिग्दर्शिकेनेच सांगितले. बखरीत प्रक्षेप असतो तसाच हा. शौकिनांना हे ठाऊक असते आणि यादी देताना ते आवर्जून सांगतातही.

सर्वच बाबतीत ते इतके सावध असतात असे मात्र नाही. नॉर्वेतील मेटलच्या एका शाखेतील काही तरुणांनी १९९२ पासून चर्चे जाळली. ऑगस्ट १९९३ मध्ये एका वादकाने दुसऱ्याचा खून केला, आणि १९९४ साली त्यास खून व जाळपोळीबद्दल एकवीस वर्षांची शिक्षा झाली. २००८ सालच्या एका अनुबोधपटात हा कैदी शांतपणे, मुद्देसूद बोलतो, आणि त्यामुळेच ते बोलणे धोक्याचे होते. शौकीन तो पट एकमेकांस मोठ्या उत्साहाने सुचवितात. निकालपत्र वाचा, असे सांगणारा क्वचितच भेटतो. रसिकांच्या साक्षीवर मी एवढा वेळ भर दिला आहे. येथे मात्र ती अपुरी पडते.

सॅम डन या कॅनडातील मानववंशशास्त्राच्या पदवीधराने २००५ साली शाळकरी वयापासूनच्या आपल्या वेडाचा मागोवा घेणारा पट काढला आणि त्यात मेटलच्या शाखोपशाखांची वंशावळ मांडली. तिच्यावरून चाहत्यांचे अद्याप कलह चालतात, आणि ते वाचनीय असतात. २००८ सालच्या त्यांच्या दुसऱ्या पटात हे संगीत पाश्चात्त्य देशांबाहेर कसे रुजले याचा शोध आहे, आणि त्यात मुंबईही आहे.

मुंबईत ते अचानक आले नव्हते. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास रॉक संगीताचा मोठा जलसा भरू लागला होता. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे ते खुले नाट्यगृह अशा कार्यक्रमांना बंद झाले. काळ्या घोड्याजवळचे ऱ्हिदम हाउस हे दुकानही २०१६ साली मिटले. हिंदुस्थानातील या शौकिनांना एकमेकांची खबर देणारे ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक मुंबईहून किंवा कलकत्त्याहून नव्हे, तर १९९३ साली अलाहाबादेहून निघाले, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. जेथे जलसे कमी तेथे पत्रव्यवहाराची भूक अधिक. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपल्या जगप्रवासाचा प्रारंभ वांद्रे-कुर्ला संकुलातून केला. त्यांचे गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. बँडचे विमान तेच चालवीत होते. त्या प्रवासावर डन व त्यांचे सहकारी स्कॉट मॅकफॅडियन यांनी काढलेला पट मुंबईच्या गर्दीपासूनच रंगू लागतो.

माझ्याजवळ वसतिगृहातील एका मित्राने उतरवून दिलेली एक कॅसेट आहे. वरच्या पट्टीवर निळ्या शाईत ‘मेटॅलिका’ एवढेच लिहिलेले. तिच्यातील ‘ॲम आय ईव्हिल’ हे गाणे त्यांचेच, असे मी पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो. पुढे, कधी प्रत्यक्ष न भेटलेल्या एका शौकिनाने दिलेल्या यादीवरून त्याचे मूळ कळले. फीत आता जागोजागी आवाज टाकू लागली आहे, म्हणून ती मी सहसा वाजवीत नाही. मित्राचे अक्षर मी तसेच ठेविले आहे. त्याखाली पेन्सिलीने, ‘मूळ रचना: डायमंड हेड, स्टूरब्रिज, १९८०’, एवढे लिहिले आहे.